पांढरी पट्टी

६ जानेवारी, मंगळवार

आले! आले! आले!

एकच खोका, पण वजन असं की कुरिअरवाला दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसला. "मॅडम, लोखंड भरलंय का आत?" — हो, लोखंडच! चार कॉइलओव्हर. निळ्या स्प्रिंग. हॉलमध्येच उघडले, आईच्या सतरंजीवर. तेल लागलं. आई ओरडली. मला ऐकूच आलं नाही.

स्प्रिंग आणि शॉक एकात एक. बॉडीला बाहेरून आटे, खाली एक कप. बॉडी कपात जेवढी फिरवून आत घालाल तेवढी गाडी खाली बसते. मग एक जाड लॉक रिंग कपावर आवळायची, म्हणजे बॉडी परत फिरत नाही. बस्स. एवढ्यासाठी दोन वर्षं चौथीच्या पोरांना अपूर्णांक शिकवले मी!

बाबा चष्म्यावरून बघत होते. "सतरा वर्षं त्या गाडीनं कधी तक्रार केली नाही. तिला का छळतेस?"

वळणावर बोटीसारखी झुकते, बाबा.

"मग वळणावर हळू जावं."

यांच्याशी काय बोलायचं!

दादाने मात्र एक उचलून नीट बघितला. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो, त्यामुळे त्याला सगळं जग कवळीसारखं दिसतं. आट्यांवरून अंगठा फिरवला. "फिनिशिंग छान आहे गं, टायर." टायर म्हणजे मी. लहानपणी गोल होते म्हणून. आता नाहीये, तरी.

७ जानेवारी, बुधवार

खोका उशाशी घेऊन झोपले. आई: "त्याच्याशीच लग्न लावून देऊ का?"

१० जानेवारी, शनिवार

बसवले!!

सकाळी नऊपासून गॅरेजमध्ये. गॅरेज मालकांचं, पण लोक येतात ते मिस्त्रीकाकांकडे. एकतीस वर्षं त्याच एका लिफ्टखाली. मी सात वर्षांची असताना बाबांबरोबर जायचे तेव्हा बाकीचे म्हणायचे, "बाजूला हो बाळ, फ्रॉक खराब होईल." काकांनी हातात पाना दिला होता आणि म्हणाले होते, "फ्रॉक धुता येतो."

माहितीचा कागद इंग्लिशमध्ये. मी मोठ्याने वाचत होते, ते गाडीखाली.

"काय म्हणतो कागद?"

म्हणतो, लॉक रिंग अमुक इतक्या जोराने आवळा.

"कागदाला कधी हात बघितलेस?"

हाताने कळतं त्यांना. पाना लावतात, मान थोडी तिरकी करतात, जणू आतून कोणी बोलतंय, आणि थांबतात. आणि काही बोल्ट तर गाडी खाली उतरवून, चारी पायांवर उभी राहिली की मगच शेवटचे आवळतात. का? "हवेत लटकलेल्या माणसाचा पट्टा कोण आवळतं गं, इंजिनियर?" मी हसून हसून लोळले.

उंची बोटांनी मोजली. टायर आणि वरची कमान यात चार बोटं. "माझी बोटं. तुझी नाहीत."

आणि पट्टी! प्रत्येक नट आवळून झाला की झाडूची काडी पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये बुडवून एक बारीक रेघ — अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या लोखंडावर. नट जरा फिरला की रेघ तुटते. लांबूनसुद्धा दिसतं. मी मध्येच एकदा काडी उचलली तर हातावर चापट. "पट्टी सगळ्यात शेवटी. आधी आवळायचं, मग पट्टी. पट्टी ओढली म्हणजे शब्द दिला."

निघताना दम: "पाचशे किलोमीटर हात लावायचा नाही. स्प्रिंग आपोआप थोडी बसेल. हात शिवशिवले तर इकडे ये. घरी खाजवत बसायचं नाही. आणि पुढच्या शनिवारी तपासायला आण."

वळणावर आता झुकत नाही. घरी येताना उगाच तीन चौक जास्त फिरले.

११ जानेवारी, रविवार

ग्रुपची मीट. ग्रुपचं नाव 'जमिनीला टेकू'. सगळ्यांच्या गाड्या अशा की खालून झुरळ गेलं तर घासेल. मी ऐटीत लावली आपली, मधोमध.

बंपर आला. त्याने तीन बंपर तोडलेत म्हणून बंपर; खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. माझ्या कमानीत हात घातला — अख्खा हात.

"ही खाली केलीय? का वर?"

"या जागेत मांजर पिल्लं घालेल!"

"घातलीसुद्धा असतील, बघ वाकून!"

आणि मग कोणीतरी मागून — "उंटावरची शहाणी आली रे!"

सगळे हसले. मीपण हसले. हसावंच लागतं.

१२ जानेवारी, सोमवार

ग्रुपवर अठ्ठावन्न मेसेज. त्यातले एक्केचाळीस उंट.

१३ जानेवारी, मंगळवार

काकांकडे गेले. काका, दोन बोटं करा ना.

"नाही."

सगळे हसतात मला.

"हसणाऱ्यांचे दात दिसतात. दात बघ आणि घरी जा." मग जरा नरमाईने — "हे बघ पोरी. फार खाली गेली तर स्प्रिंगची ही ताटली टायरला आतून लागेल. टायर कापून काढेल. पाचशे होऊ दे, मग तीन करू. तीनच्या खाली माझा हात लागायचा नाही."

म्हातारे झालेत काका. एकतीस वर्षं एका लिफ्टखाली उभं राहिलं की माणूस तेवढाच उंच राहतो. वाचत नाहीत, बघत नाहीत. बाहेर लोक कुठल्या कुठे गेलेत!

१५ जानेवारी, गुरुवार

स्वतः केलं! स्वतः!

दुपारी आई-बाबा आडवे झाले तेव्हा. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, जॅक लावून. खोक्यात रिंग फिरवायचा चोचीचा पाना आलाच होता. पुढची दोनच, उजवी बाजू आधी. रिंग सोडवली, बॉडी फिरवली, रिंग आवळली. काकांची पट्टी अर्थातच तुटली. शनिवारी ते सगळं तपासणार, बघितलं की संपलंच. मग डोकं चालवलं. जुना रंग नेलपेंटच्या रिमूव्हरने पुसला आणि व्हाइटनरने नवीन पट्टी. हुबेहूब! काका स्वतः फसतील.

मग डावी. बॉडी फिरवली, रिंग हाताने फिरवत कपाला टेकवली. व्हाइटनरच्या बाटलीत शेवटचाच थेंब होता, तोही वाळत चाललेला. म्हटलं पट्टी घेऊन टाकू आधी. तेवढ्यात बंपरचा व्हिडिओ कॉल. "शहाणी, उंट बसला का?" त्याला फिरून फिरून दाखवलं. तो म्हणाला, "अरे वा, हात आहे तुझ्यात!" परत आले, बघितलं, पट्टी आहे, चाक लावलं, जॅक काढला.

दोन बोटं. माझी बोटं!

१६ जानेवारी, शुक्रवार

सुरीसारखी वळते.

दादा: "आणखी खाली गेली का गं?" — स्प्रिंग बसली, म्हटलं. काका बोलले होते बसेल म्हणून. खोटं थोडंच आहे.

१७ जानेवारी, शनिवार

तपासणीला गेले नाही. काकांना फोन केला, शिकवणी आहे म्हटलं. "ये सवडीने. गाडी कुठे पळून जाते?"

१८ जानेवारी, रविवार

बंपरने सगळ्यांसमोर टाळी दिली. "उतरली बाबा शहाणी उंटावरून!" ग्रुपचा नवा फोटो — माझी गाडी! मध्ये!

परत येताना डावीकडून टिक टिक. वळताना फक्त. वाकून टॉर्च मारला. पट्टी दिसली. ठीक आहे.

२० जानेवारी, मंगळवार

दादाची स्कूटर बंद. उद्या गाडी हवी. खाली जाऊन एक चक्कर मारून आला.

"डावीकडे काहीतरी वाजतंय."

नवीन सस्पेन्शन असंच बोलतं.

"काकांना दाखवू या का जाता जाता?"

तुला कवळ्यांतलं कळतं, दादा. गाडीतलं मला कळू दे.

"बरं बाई, टायरमॅडम," म्हणाला. आईसुद्धा हसली.

२१ जानेवारी, बुधवार

दादाला लागलं. हॉस्पिटल.

२२ जानेवारी, गुरुवार

पुलाच्या वळणावर डावं पुढचं टायर फुटलं. गाडी दुभाजकावर. उजव्या मनगटाची दोन हाडं. ते जुळेल. अंगठ्याची नस — डॉक्टर म्हणाले, "पूर्वीसारखा येईलच असं सांगता येत नाही." दादाने विचारलं, मेण कोरता येईल का? डॉक्टरांना कळेना कसलं मेण. त्याने डाव्या हाताने हवेत करून दाखवलं, बारीक, दाताएवढं. डॉक्टर म्हणाले, "बघू."

टोइंगवाल्याने फोनवर फोटो पाठवला. स्प्रिंगची ताटली टायरला टेकलेली. टायर आतून कातरलेलं, कडेकडेने, संत्र्याची साल काढल्यासारखं. लॉक रिंग खाली सुटलेली. त्यावर पांढरी अर्धी रेघ.

पाना मी हातात घेतलाच नव्हता. डावीकडे. रिंग हाताने टेकवली, पट्टी ओढली, फोन आला. परत आल्यावर पट्टी बघितली आणि मला वाटलं झालंय. माझ्याच पट्टीने मला सांगितलं, झालंय.

सांगणार होते. शप्पथ. बेडजवळ उभी होते, तोंड उघडलं होतं. पण बाबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "त्या मिस्त्रीला सोडत नाही मी." आणि ते इतकं बरोबर बसलं. कुठेही फट नाही.

तोंड मिटलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

उद्या गाडी गॅरेजला जाणार. आज टोइंगवाल्याच्या आवारात आहे.

उजवी बाजू अजून दोन बोटांवर! काकांनी चार ठेवली होती. डावीकडचं काही कळणार नाही, ती पार आत गेलीय. पण उजवी बघितली की एका क्षणात — ही कोणी उतरवली?

गेले. म्हटलं, भावाची बॅग राहिलीय गाडीत. टोइंगवाला बिचारा म्हणाला, "घ्या ताई, सावकाश घ्या," आणि चहाला गेला. वीस मिनिटं. जॅक, चाक, पाना. चार बोटांवर आणली. माझी बोटं बारीक म्हणून साडेचार. रिंग या वेळी आवळली. नीट, पूर्ण अंगाचा जोर लावून. नवीन व्हाइटनर घेतला होता वाटेत. पट्टी.

टोइंगवाला आला तेव्हा मी बॅग छातीशी धरून उभी. "रडू नका ताई," म्हणाला. मी रडत नव्हते, दमले होते.

ग्रुपवरचा फोटो काढायला लावला. भावाचा अपघात झालाय, बघवत नाही, म्हटलं. बंपर: "सॉरी यार. लगेच काढतो." चांगला मुलगा आहे तसा.

२४ जानेवारी, शनिवार

लिहून टाकते. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

गाडी लिफ्टवर. बाबा, मालक, मी. काका आले, चष्मा नाही, हात पुसत. खाली वाकले. खूप वेळ वाकूनच.

बाबा: "ही पट्टी कोणाची?"

काका हात पुसतच राहिले.

"मी विचारतोय, पट्टी कोणाची?"

"माझी."

"आवळल्याशिवाय तुम्ही पट्टी ओढत नाही ना? माझ्या मुलीला तेच शिकवलंत ना? मग?"

काकांनी उजवी बाजू बघितली. रिंगवर पाना लावला. हलली नाही. बोटं घालून बघितली कमानीत. परत डावीकडे आले. अर्ध्या रेघेवर अंगठा ठेवला. डोळ्यांत पाणी आलेलं, त्यामुळे दिसत तरी होतं की नाही कोण जाणे. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, कळलं यांना.

"पोरी, तू होतीस ना इथे. मी डावी आवळली होती ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणाले, मला आठवत नाही काका. मी कागद वाचत होते.

मालक म्हणाले, "मी गेलं वर्षभर सांगतोय, वय झालं तुमचं." काका स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून उभे राहिले, दुसऱ्याचा असल्यासारखा.

बाबांच्या सांगण्यावरून मालकांनी चारही कॉइलओव्हर काढून गोणीत भरले आणि स्टोअरला कुलूप. "पुरावा आहे. कोणी हात लावायचा नाही."

२७ जानेवारी, मंगळवार

काका घरी आले. दादाला कालच हॉस्पिटलमधून घरी सोडलंय. काका दारातच उभे. आई "या" म्हणाली नाही. मी पाणी दिलं.

दादापाशी गेले. बसले नाहीत. "हात चुकला माझा," म्हणाले. "एकतीस वर्षांत कधी चुकला नव्हता. तुमच्यावरच चुकायचा होता."

दादा म्हणाला, "होतं काका. माणूस आहे. आमच्याकडेपण एखादी कवळी वाकडी जाते." हसवायचा प्रयत्न! प्लास्टरमधला अंगठा जांभळा, आणि हा विनोद करतोय.

काका हसले नाहीत. जाताना चपला घालताना मला हळूच — "पोरी, तू शिकतेस ते नीट शीक हो. माझ्यासारखं अंदाजाने नाही."

हो म्हटलं.

३० जानेवारी, शुक्रवार

काकांना लिफ्टवरून काढलं. आता गाड्या धुतात आणि हवा भरतात. मालक म्हणे, "हवेत काय चूक होणार?"

मी विचार केला. शांतपणे केला. मी सांगितलं तर काय होईल? दादाचा अंगठा परत येईल? नाही. बाबा मला माफ करतील? नाही. काका तसेही दोन-तीन वर्षांत थांबणारच होते. म्हणजे एकाचं जे जायचं होतं ते थोडं आधी गेलं. माझं अजून सगळं यायचंय. हिशेब म्हणून बघितलं तर बरोबर येतं.

पुन्हा वाचलं. बरोबर येतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांचा फोन. काकांची गिऱ्हाइकं दुसऱ्या कोणाला गाडीला हात लावू देईनात. दोघं तर म्हणाले, "ते पाणी मारतायत आणि तुम्ही पाना धरणार? मग राहू दे." मालक वैतागले. "तीन आठवडे बघतो. ते जे जे आवळतील ते ते कोणीतरी टॉर्क रेंचने, त्या जोर मोजणाऱ्या पान्याने, तपासायचं आणि वहीत लिहायचं. सगळं घट्ट निघालं तर परत लिफ्ट. एक जरी सैल निघाला तर घरी." आणि मग — "तू करशील का? तुला मीटर वाचता येतं. आणि तुझ्याच भावाचं झालंय, तू काही त्यांची बाजू घेऊन खोटं लिहिणार नाहीस."

हो म्हणाले! लगेच!

हे किती छान आहे! काही न सांगता सगळं नीट करता येईल. मी त्यांचा हात त्यांना परत देणार. खरं तेच लिहायचं, बाकी काही करायचंच नाही. आज दोन आठवड्यांनी पोटभर जेवले.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. सोळा बोल्ट. सोळाही घट्ट.

पण काका! एकेक बोल्ट तीन तीनदा आवळतात. आवळला की माझ्याकडे बघतात. "झाला ना?" मी रेंच लावते, 'कट' वाजतं, मी मान हलवते, मग पुढचा. पट्टी ओढत नाहीत. काडी माझ्या हातात देतात. "तू ओढ. माझ्या पट्टीला आता काही अर्थ नाही."

मी ओढली. सोळा पट्ट्या. त्यांच्यापेक्षा सरळ येतात माझ्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वीस. वीसही घट्ट. आज तीनदा नाही, दोनदाच आवळले.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "ही कोण, तुमची मास्तरीण?" काका: "नाही, सासू." बऱ्याच दिवसांनी!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शंभर पार. शंभरही घट्ट. मला "इंजिनियर" म्हणाले परत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दादा रबरी चेंडू दाबतो रोज. चार बोटं दाबतात, अंगठा नुसता बाजूला उभा असतो, पाहुण्यासारखा. लॅबने त्याच्या जागी माणूस घेतलाय. "तात्पुरता," म्हणतो तो.

मी वहीतले आकडे घरी सांगितले. दादा म्हणाला, "बघा, म्हणजे एकदाच चुकलं बिचाऱ्यांचं. घ्या म्हणावं परत." बाबा नाही म्हणाले नाहीत. बाबांचं ते हो असतं.

मला वाटतं मी वाईट माणूस नाहीये.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज काकांनी काडी माझ्या हातातून काढून घेतली आणि पट्टी स्वतः ओढली. मालकांनी लांबून बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागले. मला इतकं बरं वाटलं की मीच त्यांना चहा आणून दिला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या शेवटचा दिवस.

आज काम संपल्यावर काका स्टुलावर बसले. तेलाचे हात गुडघ्यांवर. इतके दिवस वाकून चालायचे ते आज ताठ.

"दोनशे अठरा झाले ना गं?"

हो काका.

"एक तरी सैल निघाला?"

नाही.

"मग हात ठीक आहे माझा." हसले. सगळे दात दिसले. "रोज रात्री वाटायचं, हात मेला. उगाच वाटायचं."

मीपण हसले. 

आणि मग ते म्हणाले, "मग ती रिंग सुटली कशी?"

मी वही मिटली.

"नाही, सांग ना. हात ठीक आहे. मग मी ती आवळलीच असणार. आवळली असणार तर सुटली कशी? त्या दिवशी तुझे बाबा ओरडत होते, चष्मा नव्हता, डोळे भरलेले. मी नीट बघितलंच नाही. मालकांशी बोललोय. उद्या लिफ्ट परत मिळाली की पहिली ती गोणी उघडायची. उजेडात, चष्मा लावून, सावकाश. आटे बघतो, रिंग बघतो, पट्टी बघतो. लोखंड खोटं बोलत नाही, पोरी. तू पण ये बघायला. शिकायला मिळेल."

येते म्हटलं.

स्टोअरची किल्ली मालकांच्या कमरेला असते.

व्हाइटनर आणि ऑइलपेंट. नखाने खरवडलं की कळतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

चोवीस बोल्ट. चोवीसही घट्ट. मी वहीत तेवीस लिहिले. काकांनी विचारलं, "कुठला?" मी एकाकडे बोट दाखवलं.